रुंद पॅनेल जोडायचंय? क्लॅम्प निवडण्यापासून ते सोडण्यापर्यंत

मुलीच्या अभ्यासाच्या टेबलासाठी मी भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून जुना सागवान आणला होता. पाडलेल्या वाड्याच्या वाशांचा माल. खिळे उपसून, चिरून घेतल्यावर सहा छान पट्ट्या निघाल्या: प्रत्येकी १२० सेंटिमीटर लांब, १० सेंटिमीटर रुंद आणि रंधा मारल्यावर २२ मिलिमीटर जाड. सहा पट्ट्या कडेला कड लावून जोडल्या की ६० सेंटिमीटर रुंदीचा टॉप तयार. हिशेब सरळ होता, म्हणून मी ६० सेंटिमीटरचे चार हलके एफ-क्लॅम्प घेऊन आलो (इंग्रजी एफसारखे दिसणारे शिकंजे: एक लांब पट्टी म्हणजे बार, आणि त्यावर फळ्या आवळून धरणारे दोन जबडे).

ते पुरले नाहीत. कडांना संरक्षणासाठी लाकडी पट्टी लावायला जागाच उरली नाही, म्हणून पट्ट्यांशिवाय आवळलं. सकाळी क्लॅम्प सोडले तेव्हा टॉप मधोमध उचललेला होता, कडांवर चार ठिकाणी जबड्यांचे खड्डे होते आणि बार जिथे सांध्यांना टेकला होता तिथे काळे डाग पडले होते. दोन सांधे टोकाला उघडे राहिले ते वेगळंच. जुन्या वाड्याचं तसं लाकूड परत मिळत नाही, म्हणून मला फार वाईट वाटलं. सगळे सांधे करवतीने पुन्हा चिरून, रुंदीतले जवळजवळ दोन सेंटिमीटर घालवून मी तो टॉप दुसऱ्यांदा जोडला. त्या वेळी आमच्या गल्लीतल्या सुतारकाकांना बोलावलं होतं. पुढे जे लिहिलंय त्यातलं बरंचसं त्यांनी त्या दोन संध्याकाळी दाखवलेलं आहे आणि उरलेलं त्यानंतरच्या सात-आठ पॅनेलांनी शिकवलेलं.

तुम्ही पहिल्यांदाच फळ्या जोडून टेबलाचा टॉप, चौरंग, कपाटाचा दरवाजा किंवा देवघराचा तळ करणार असाल, तर दुकानात जाण्यापूर्वी हे वाचा.

१. आधी मापं लिहा, मग दुकानात जा

कागदावर तीन आकडे हवेत: पॅनेलची लांबी, रुंदी आणि सगळ्यात बाहेरच्या पट्टीची रुंदी. तिसरा आकडा बहुतेक जण विचारात घेत नाहीत, पण किती क्लॅम्प लागतील ते त्याच्यावरच ठरतं.

क्लॅम्पची लांबी पॅनेलच्या रुंदीवरून काढायची. पॅनेल ६० सेंटिमीटर, दोन्ही कडांना ४-४ सेंटिमीटरच्या लाकडी पट्ट्या, म्हणजे झाले ६८. शिवाय स्क्रू फिरायला आठ-दहा सेंटिमीटर मोकळे हवेत. म्हणजे ६० च्या पॅनेलला ९० सेंटिमीटरचा, दुकानाच्या भाषेत तीन फुटी क्लॅम्प. दुकानदार दोन फुटी पुढे करेल, कारण तो जास्त खपतो. घेऊ नका. मात्र उगाच पाच फुटीही घेऊ नका. बार जितका लांब तितका तो जड, आणि जोडताना एका बाजूला बाहेर आलेला दीड-दोन फूट बार सतत अंगाला अडतो, पॅनेल कलंडवतो.

२. दाबाचं गणित

हे थोडं सावकाश वाचा. इथेच पैसे वाचतात.

फेविकॉलसारख्या पांढऱ्या गोंदाने जोडताना मऊ लाकडाला दर चौरस सेंटिमीटरला साधारण ७ ते १० किलो, कठीण लाकडाला १२ ते १७ किलो दाब सांगितला जातो. सागवान मधे बसतो, म्हणून १० किलो धरू. माझ्या टॉपचा एक सांधा १२० सेंटिमीटर लांब आणि २.२ सेंटिमीटर जाड, म्हणजे क्षेत्रफळ २६४ चौरस सेंटिमीटर. गुणिले १० म्हणजे २६४० किलो. पाच क्लॅम्प लावले तर प्रत्येकाच्या वाट्याला ५२८ किलो, सहा लावले तर ४४०.

आता प्रश्न येतो की सांधे पाच आहेत, मग पाचपट जोर लागेल का? नाही. दोरीला पाच गाठी मारून दोन्ही टोकांना ओढलं तर प्रत्येक गाठीला सारखीच ओढ बसते, तसाच क्लॅम्पचा जोर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सगळ्या सांध्यांतून तेवढाच जातो. पॅनेल रुंद झालं म्हणून क्लॅम्प वाढवावे लागत नाहीत. लांबी वाढली किंवा जाडी वाढली तर वाढवावे लागतात.

दोन क्लॅम्पमध्ये अंतर किती ठेवायचं? जबड्याखालचा दाब लाकडातून पुढे जाताना दोन्हीकडे साधारण ४५ अंशांत पसरतो, धान्याची रास पसरते तसा. जबड्यापासून पहिला सांधा १४ सेंटिमीटरवर असेल (१० ची फळी आणि ४ ची कडपट्टी), तर त्या सांध्यापर्यंत पोचताना तो दाब २८ सेंटिमीटर लांबीवर पसरलेला असतो. म्हणून माझ्या टॉपला टोकापासून ५ सेंटिमीटर आत पहिला क्लॅम्प आणि पुढे दर साडेसत्तावीस सेंटिमीटरला एक, असे पाच क्लॅम्प नेमके बसले.

हेच पॅनेल चार-चार सेंटिमीटरच्या अरुंद पट्ट्यांचं असतं तर? ४ अधिक ४ म्हणजे ८, दुप्पट १६. दर सोळा सेंटिमीटरला क्लॅम्प, म्हणजे आठ नग. अशा वेळी क्लॅम्प वाढवण्यापेक्षा कडपट्टी रुंद घ्या. ८-१० सेंटिमीटर रुंद, सरळ, कणखर पट्टी दोन्हीकडे लावली की अंतर पुन्हा वाढवता येतं. सुतारकाकांनी मला सांगितलेली ही पहिली गोष्ट. मी आणखी दोन क्लॅम्प आणायला निघालो होतो, तर म्हणाले, "दादा, दुकानात कशाला जाताय? त्या कोपऱ्यातली रीप इकडे द्या."

३. कोणता क्लॅम्प कशासाठी

सी-क्लॅम्प (काही दुकानांत जी-क्लॅम्प म्हणतात) पॅनेल आवळायला चालत नाही, त्याचा जबडा तेवढा उघडतच नाही. पण पॅनेलवर आडव्या पट्ट्या दाबून धरायला चार नग जवळ असलेच पाहिजेत.

एफ-क्लॅम्प पटकन लागतो, हलका असतो, एका हाताने सरकवता येतो. चौरंग, पाट, छोटा दरवाजा अशा ४०-४५ सेंटिमीटरपर्यंतच्या कामाला जाड पट्टीचा एफ-क्लॅम्प चालतो. त्यापुढे पट्टी वाकायला लागते. पट्टी वाकली की काय होतं ते नीट समजून घ्या. स्क्रूचा जोर बारच्या रेषेत नसतो, बारपासून चार-पाच सेंटिमीटर वर असतो. त्यामुळे आवळताना जबड्यांची वरची टोकं बाहेर फाकतात, सगळा दाब फळीच्या खालच्या कोपऱ्यावर येतो आणि पॅनेल मधोमध उचललं जातं. माझ्या पहिल्या टॉपला झालं ते हेच. वरून बघताना सगळं ठीक वाटत होतं, कारण मी सांध्यांकडे बघत होतो, बारकडे नाही.

टी-बार किंवा सॅश क्लॅम्प हा आपल्याकडच्या सुतारांचा जुना भरवशाचा क्लॅम्प. एका टोकाला बिडाचं तोंड आणि स्क्रू, दुसरीकडे सरकता जबडा, जो बारमधल्या भोकात पिन घालून अडकवायचा. यात दोन जाती मिळतात: सपाट पट्टीचा आणि इंग्रजी टी अक्षरासारख्या छेदाचा. पॅनेलसाठी टी-छेदाचाच घ्या. वजनाला जड, पण आवळताना वाकत नाही. सांध्याचं काम घरात नेहमी करणार असाल तर माझ्या मते पहिले पैसे इथेच घालावेत.

पाईप-क्लॅम्प मला सगळ्यात आवडतो. दुकानात फक्त दोन तोंडं मिळतात, एक स्क्रूचं आणि एक सरकतं. पाईप तुम्ही आणायचा. अर्धा इंची आणि पाऊण इंची अशी दोन मापं येतात. पॅनेलसाठी पाऊण इंचीच. पाईपवाल्याकडे '२० एनबी' मागा, बाहेरून तो साधारण २७ मिलिमीटर भरतो. 'लाईट' नको, 'मीडियम' किंवा 'हेवी' घ्या. एका टोकाला आटे पाडून घ्यायचे. दोन्ही टोकांना पाडून घेतले तर पुढे कपलिंग लावून दोन पाईप जोडता येतात आणि सहा फुटी टेबलही आवळता येतं. एकाच जोडीच्या तोंडांना आज तीन फुटी, उद्या पाच फुटी पाईप लावायचा, हा त्याचा मोठा फायदा.

इथे दोन धोके आहेत. बाहेरून आलेल्या काही तोंडांचे आटे अमेरिकन मापाचे असतात आणि आपला पाईपवाला ब्रिटिश मापाचे पाडतो. दोन्हींत इंचाला १४ आटे असल्यामुळे ते एकमेकांत जातात, पण आट्यांचा कोन वेगळा असल्याने दोन-तीन वेढ्यांनंतर अडकतात. म्हणून तोंड बरोबर घेऊन जा, आणि दुकानातच फिरवून बघा. दुसरं, नव्या पाईपला कारखान्याचं तेल असतं. थिनरने स्वच्छ पुसून घ्या. तेलावर सरकतं तोंड घसरतं, आणि ते तेल लाकडाला लागलं की पॉलिश त्या जागी धरत नाही.

पॅरलल क्लॅम्पचे जबडे उंच असतात आणि आवळतानाही बारशी काटकोनात राहतात. पॅनेलसाठी उत्तमच, पण महाग. पाच नगांच्या पैशात टी-बारचा संच आणि चांगला रंधा दोन्ही येतात. नवख्याने आधी रंधा घ्यावा.

ॲल्युमिनियमच्या चौकोनी बारचे क्लॅम्प हलके असतात आणि डाग पाडत नाहीत. रिकाम्या बारमध्ये नेमक्या मापाची लाकडी पट्टी ठोकून बसवली की त्यांचा ताठपणा बराच वाढतो. जिन्यावरून सामान चढवणाऱ्यांना, गच्चीवर काम करणाऱ्यांना हे बरे.

दोरीचे किंवा रॅचेटचे पट्टे पॅनेलला लावू नका. ते चौकटीसाठी असतात.

४. दुकानात काय तपासायचं

खिशात गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) आणि पिशवीत दीड-दोन फुटी सरळ फळीचा तुकडा ठेवा. दुकानदाराला आधीच सांगा की आवळून बघणार आहे. चांगला दुकानदार हरकत घेत नाही.

बार डोळ्यासमोर धरून बंदुकीच्या नळीसारखा एका टोकाकडून बघा. थोडासाही बाक दिसला तर तो नग बाजूला. मग जबडा आणि बार यांच्यात गुण्या लावा. सरकत्या जबड्यात थोडा खेळ असणारच, तो आवळल्यावर जातो. स्क्रूचं टोक मात्र बघा. टोकावरची चकती सैल, सगळीकडे वळणारी हवी. ती जाम असेल तर शेवटच्या वेढ्याला ती फळीला आपल्याबरोबर फिरवते आणि जुळवलेली कड वर-खाली होते. स्क्रूचे आटे चौकोनी, जाड असावेत. बारीक टोकदार आटे लवकर झिजतात.

आता फळी घालून आवळा आणि पाच मिनिटं तसंच ठेवा. या वेळात दुसरे नग बघा. परत येऊन दांडा हाताने चाचपा. सैल पडला असेल तर जबडा घसरतोय. मी एकदा हे न करता सहा घेतले आणि त्यातले दोन रात्रीतून सैल पडायचे. ते आता फक्त आडपट्ट्या धरायला वापरतो.

सगळे क्लॅम्प एकाच जातीचे, एकाच मापाचे घ्या. पॅनेल खालच्या क्लॅम्पवर ठेवायचं असतं. त्यांची उंची वेगवेगळी असेल तर पॅनेल त्या उंच-सखलपणाचा पीळ घेऊनच वाळेल.

५. सोबत लागणारं सामान

- कडपट्ट्या दोन: पॅनेलएवढ्या लांब, किमान ४ सेंटिमीटर रुंद, सरळ रंधलेल्या
- आडपट्ट्या चार किंवा सहा: पॅनेलच्या वर आणि खाली जोडीने लावायच्या, एका बाजूला खोक्यांची चिकटपट्टी मारलेल्या (तिला गोंद चिकटत नाही)
- आडपट्ट्यांसाठी सी-क्लॅम्प चार (सहा आडपट्ट्या असतील तर सहा)
- बटर पेपरच्या पट्ट्या
- रंधा, गुण्या, एक मीटरची सरळ पट्टी
- गोंद, तो पसरायला जुना ब्रश किंवा प्लायची चिंचोळी पट्टी
- ओलं फडकं, बोथट पटाशी
- खडू

बटर पेपर विसरू नका. ओला गोंद, लोखंड आणि सागवान एकत्र आले की लाकडात काळा डाग उतरतो, आणि तो वरवर रंधून जात नाही. बाभूळ, ऐन, खैर यांत तर जास्तच. बार आणि पॅनेल यांच्यामध्ये कागद असला की प्रश्न मिटला.

पाण्याशी संबंध येणार असेल, म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा किंवा बाथरूममधली फळी, तर पाण्याला टिकणारा, 'मरीन' प्रकारचा गोंद घ्या. घरातल्या टेबलाला साधा पांढरा पुरतो.

६. कडा: क्लॅम्प लावण्याच्या आधीचं काम

फळ्या ज्या खोलीत काम करणार तिथे दोन-तीन आठवडे पडू द्या, मधे चिपट्या घालून, वारा खेळता ठेवून. भर पावसात आणलेलं लाकूड लगेच जोडायला घेऊ नका.

कडा सरळ करायची सुतारकाकांची पद्धत मला इतकी आवडली की तीच सांगतो. शेजारी-शेजारी येणाऱ्या दोन फळ्या पुस्तक मिटावं तशा तोंडाला तोंड लावून वाइसमध्ये (बाकाला बसवलेल्या शिकंज्यात) उभ्या धरायच्या आणि दोन्ही कडांवर एकदम रंधा मारायचा. रंधा थोडा तिरका चालला तरी एका कडेचा कोन जेवढा कमी, तेवढाच दुसरीचा जास्त होतो. पुस्तक उघडून फळ्या शेजारी ठेवल्या की दोन्ही चुका एकमेकांना भरून काढतात आणि पॅनेल सपाट येतं. पहिल्या खेपेला प्रत्येक कड गुण्याला लावून लावून मी दोन दिवस घालवले होते. यांनी पाऊण तासात पाची सांधे उरकले.

मग एक फळी दुसरीवर उभी ठेवा आणि मागून टॉर्च मारा. उजेड दिसला तर पुन्हा रंधा. वरच्या फळीचं एक टोक बोटाने हलकंच ढकला. फळी मधल्या बिंदूवर गरगर फिरली तर मध्ये उंचवटा आहे. टोकांना अडकत फिरली तर ठीक. मध्ये कागदाच्या जाडीएवढी पोकळी राहिली तरी चालते, ती क्लॅम्प मिटवतो. टोकांना फट मात्र अजिबात नको.

या पायरीवर क्लॅम्पवर भिस्त ठेवू नका. मी फट दाखवून काकांना विचारलं, "काका, ही आवळल्यावर बसेल ना?" ते म्हणाले, "बसेल हो. पण लाकूड रोज तिथे परत जायला बघणार. दोन पावसाळे काढेल, मग उघडेल." अंगठ्याच्या जोरावर जी फट मिटत नाही, ती रंध्याने मिटवायची.

सागवानात स्वतःचं तेल असतं. कड रंधल्यावर ते हळूहळू पृष्ठभागावर येतं. म्हणून रंधा मारल्या दिवशीच जोडा, आणि गोंद लावण्यापूर्वी कडा ॲसिटोनच्या फडक्याने एकदा पुसा.

शेवटी फळ्या ओळीने मांडा, दर्शनी बाजू वर, रेषे शक्यतो एका दिशेने. मग सगळ्या फळ्यांवर मिळून खडूने एक मोठा त्रिकोण काढा. गोंदाच्या घाईत फळ्या उलटसुलट झाल्या तरी त्रिकोण बघून क्षणात जुळवता येतात.

७. कोरडी जुळणी

गोंद न लावता सगळं आवळून बघा. सगळं म्हणजे सगळं: कडपट्ट्या, आडपट्ट्या, पाची क्लॅम्प. एक खाली, एक वर, एक खाली, असे आलटून पालटून लावा, तीन खाली आणि दोन वर. खालचा बार पॅनेल वर उचलायला बघतो, वरचा खाली दाबतो, दोघांची ओढ एकमेकांना तोलते.

खालचे तीन क्लॅम्प ठेवले की त्यांच्यावर सरळ पट्टी आडवी टाकून बघा. एखादा खाली-वर असेल तर त्याच्याखाली पुठ्ठ्याची घडी घाला. आणि स्क्रूचा मध्य फळीच्या जाडीच्या मध्याशी येतो का ते बघा. फळी पातळ असेल तर बारवर ठोकळे ठेवून ती उचला.

आता घड्याळ लावून सगळं सोडा, परत आवळा. मला पहिल्यांदा अकरा मिनिटं लागली होती. गोंद तेवढं थांबत नाही. एप्रिल-मेच्या दुपारी, विशेषतः नागपूर-अकोल्याकडे, गोंदावर चार-पाच मिनिटांतच साय धरते. उन्हाळ्यात हे काम सकाळी लवकर करा. एकटे असाल तर सहा फळ्या एकदम जोडू नका. तीन-तीनचे दोन भाग करा, दुसऱ्या दिवशी ते दोन एकमेकांना जोडा. शेवटी सांभाळायला एकच सांधा राहतो.

८. गोंद लावून आवळणे

कडा उभ्या करा, गोंदाची रेघ ओढा, ब्रशने पसरा. कड कुठेही कोरडी दिसता कामा नये, पण ओघळही नको.

फळ्या मांडा, कडपट्ट्या लावा, मधला क्लॅम्प आधी, हलक्या हाताने. मग टोकांकडे जा. या घडीला कोणताच क्लॅम्प पूर्ण आवळायचा नाही. प्रत्येक सांध्यावरून बोटाचं टोक फिरवा. डोळ्याला न दिसणारी पायरी बोटाला कळते. फळी वर असेल तर ठोकळा ठेवून हातोडीने हलकी थाप द्या. मग आडपट्ट्या वर-खाली जोडीने लावून सी-क्लॅम्पने धरा, आणि त्यानंतरच मुख्य क्लॅम्प पूर्ण आवळा.

किती आवळायचं? सांध्याच्या रेघेवर गोंदाचे मोहरीएवढे थेंब एका ओळीत, सारख्या अंतराने उभे राहिले की थांबा. कुठे थेंबच नाहीत तिथे गोंद किंवा दाब कमी आहे. सगळीकडून ओघळ वाहतोय तर गोंद जास्त झालाय. दांड्याला पाईप अडकवून जोर लावायचा मोह होतो, तो टाळा. बार वाकेल आणि मघाचं सगळं जुळवणं वाया जाईल.

सरळ पट्टी पॅनेलवर आडवी ठेवा. मध्ये उचललेलं दिसलं तर खालचे क्लॅम्प पाव वेढा सैल करा आणि वरचे तेवढेच आवळा. पीळ बघायला दोन सारख्या पट्ट्या पॅनेलच्या दोन टोकांना आडव्या ठेवून एकीच्या वरच्या कडेवरून दुसरीकडे बघा. कडा समांतर दिसल्या पाहिजेत. हे आत्ता बघितलंत तर दोन मिनिटांत सुधारतं.

गळालेला गोंद लगेच ओल्या फडक्याने फासू नका. पातळ होऊन तो रेषांत शिरतो आणि पॉलिश केल्यावर पांढुरके पट्टे दिसतात. अर्धा-पाऊण तास थांबा. थेंब दह्यासारखे घट्ट झाले की बोथट पटाशीने सोलून निघतात. फडकं फक्त क्लॅम्प आणि हात पुसायला.

९. क्लॅम्प घ्यायचे नसतील तर पाचरी

एकच टॉप करायचाय, पुन्हा नाही, तर पाच क्लॅम्प घेणं जड वाटणं साहजिक आहे. पाचरीवर उत्तम काम होतं आणि कितीतरी पिढ्यांनी ते तसंच केलंय.

१९ मिलिमीटर प्लायचा सपाट तुकडा घ्या, पॅनेलपेक्षा सगळीकडून मोठा. एका कडेला जाड रीप स्क्रूने घट्ट बसवा. पॅनेल आणि कडपट्टी ठेवून, साधारण सहा सेंटिमीटर जागा सोडून, समोर दुसरी रीप बसवा. या जागेत पाचरींच्या जोड्या घाला, दोन पाचरी उलटसुलट, एकमेकींवर सरकणाऱ्या. २० सेंटिमीटर लांबीत २ सेंटिमीटर उतार ठेवा. याहून तिरप्या केल्या तर त्या मागे सटकतात. क्लॅम्प जिथे लावले असते, तिथे तिथे एक जोडी. दोन्हीकडून हातोडीने हळूहळू ठोकत न्या. खाली प्लास्टिक अंथरा, वर आडपट्ट्या आणि वजन ठेवाच, नाहीतर पाचरींच्या जोराने पॅनेल कमानीसारखं उसळतं.

फेविकॉल १९५९ मध्ये आलं. त्याआधी सुतार गरम सरस (जनावरांच्या हाडा-कातड्यापासूनचा गोंद) वापरत. काकांचे वडील छोट्या फळ्यांना सरस लावून एकीवर दुसरी दोन-तीनदा मागेपुढे घासत. सरस निवत जाई तशी फळी जड होत होत जागच्या जागी धरून बसे, क्लॅम्प लागतच नसे. हे ऐकून मी दोन लांब फळ्यांवर पांढऱ्या गोंदाने तसं करून बघितलं. सांधा सरकला. पांढऱ्या गोंदाला दाब हवाच.

१०. सोडणं आणि त्यानंतर

मी क्लॅम्प रात्रभर ठेवतो, पावसाळ्यात पूर्ण दिवस. डब्यावर किमान वेळ दिलेला असतो, त्याहून कमी नको. सोडताना एकच क्लॅम्प पूर्ण सैल करू नका. सगळे थोडे थोडे, मधून टोकांकडे.

सोडल्याबरोबर रंधा हातात घेऊ नका. गोंदातल्या पाण्याने सांध्याजवळचं लाकूड फुगलेलं असतं. त्याच दिवशी रंधून सपाट केलं तर आठवड्याभरात ती जागा सुकून खाली बसते आणि पॉलिशवर प्रत्येक सांध्याच्या जागी बारीक चर दिसायला लागतो. पातळ पॅनेलला तीन दिवस, जाड टॉपला आठवडा द्या. तोपर्यंत ते जमिनीवर किंवा टेबलावर सपाट ठेवू नका. एका बाजूने वारा लागतो, दुसरी ओलसर राहते आणि बाक येतो. भिंतीला कडेवर उभं करा, मागे दोन चिपट्या लावून, म्हणजे दोन्ही अंगांनी सारखा वारा लागेल. रोज एकदा उलटं करा.